चिंधी बांधलेलं वांगं

दसरा जवळ आला की आमच्या खानदेशात दोन गोष्टींची घाई सुरू होते. कापूस घरात आणायची आणि अंगण माणसात आणायची. पहिली घाई शेतकऱ्यांची. दुसरी आमच्यासारख्या पगारी लोकांची, ज्यांच्या नावावर सातबारा नसतो, पण वर्षातले पंधरा दिवस नखांत माती मात्र असते.

धुळ्याच्या या घरामागे चार खाटा मावतील एवढी जागा आहे. पावसाळाभर तिच्याकडे कुणी बघत नाही, त्यामुळे ती आपल्या मनाप्रमाणे वाढते. गुडघाभर तरोटा, कपड्यांना चिकटणारा आघाडा, भिंतीवर चढून थकलेला गिलक्याचा वेल. मग एका सकाळी हवा कोरडी लागते, उन्हाला धार येते, दूरवर कापसाच्या जिनाचा भोंगा वाजतो, आणि मी खुरपं शोधू लागतो. वरची माती तडकलेली असते, पण बोटभर खाली गेलं की अजून ओल असते. त्या ओलीचा वास मला आवडतो आणि सोसवतही नाही. सुमती, माझी पत्नी, मेथीचं बी सुपात घेऊन बसलेली असते. लसणाच्या पाकळ्या सुट्या करता करता ती विचारते, "यंदा दोन वांगी लावायची का?"

"जागा कुठे आहे?" मी म्हणतो.

ती दर वर्षी विचारते. मी दर वर्षी हेच उत्तर देतो. जागा आहे हे दोघांनाही दिसत असतं.

जळगावला मी हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली होती. त्या दिवसांत साधं काम कुणी करत नसे. लोक एक तर मोहीम काढत किंवा यज्ञ करत. रस्ता झाडला तर ती सफाई मोहीम, विहिरीतला गाळ काढला तर तो श्रमयज्ञ. अन्न पिकवा, असं भिंतीभिंतीवर गेरूने लिहिलेलं होतं. आमच्या शाळेच्या भिंतीवरही होतं, आणि तिच्याखालची जमीन इतकी मुरमाड होती की तिथे त्या अक्षरांशिवाय काही उगवलं नाही. मी हे सगळं गालातल्या गालात हसून पाहत असे. पुस्तकं बरीच वाचली होती, वय सव्वीस होतं, आणि आपल्याला सगळं कळतं हे मला इतरांपेक्षा आधी कळलं होतं.

आम्ही राहत होतो अक्कांच्या घरात, मागच्या दोन खोल्यांमध्ये. अक्का काही म्हाताऱ्या नव्हत्या, पंचेचाळिशीच्या असतील. त्यांचे यजमान तापीपलीकडे केळीच्या मळ्यात असत आणि मुलांच्या शिक्षणासाठी अक्कांनी गावात बिऱ्हाड थाटलं होतं. शेतातून त्या गावात आल्या खऱ्या, पण शेत काही त्यांच्या मागे राहिलं नाही. परसात एक लिंबाचं झाड होतं. त्याच्या अलीकडची जागा त्यांनी आम्हाला दिली होती, पलीकडची त्यांची. मध्ये कुंपण नव्हतं. "झाड आहे नं मधात," त्या म्हणायच्या. "त्याले माहीत आहे कोनाचं कोनतं."

अक्कांच्या बाजूला वांगी असत. आता लोक भरताचं वांगं म्हणून जे काहीही विकतात, तसली नव्हेत. पांढुरकी हिरवी, हातात घेतली तर हात भरणारी, आत बी अगदी कमी. थंडी पडली की त्या परसातच कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून वांगी भाजत. सालावर काळे फोड आले की एक गोडसर, धुरकट वास गल्लीभर पसरे आणि शेजारणी काहीतरी निमित्त काढून ताटली घेऊन येत. हे बी अक्कांच्या माहेरचं. त्यांच्या आईने लग्नात पदराच्या गाठीत बांधून दिलेलं. पुढे भावाने सगळी जमीन केळीखाली घातली आणि माहेरी वांग्याचं रोप औषधालाही उरलं नाही. शेजारणी रोपं अक्कांकडूनच नेत, वांगी खात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अक्कांच्याच दारात. अक्का आहेत म्हटल्यावर बी कोण धरून ठेवणार?

हे सगळं मला ठाऊक होतं. एकदा नाही, दहादा ऐकलं होतं. माहेरच्या गोष्टी बायका सांगतात तशी ही एक, म्हणून ऐकली होती.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस थांबेचना. गल्लीतल्या सगळ्याच परसांत आठ दिवस पाणी तुंबलं आणि शेजारणींची काय, अक्कांची काय, वांगी उभ्या उभ्या माना टाकून गेली. लिंबाजवळ जरा उंचवटा होता, तिथलं एकच झाड वाचलं. तेही कसलं, चार पानं, तीही भोकं पडलेली. एक फांदी जमिनीला टेकलेली आणि तिच्यावर एकच वांगं. आश्विन लागेपर्यंत ते पिवळं पडलं, सुरकुतलं. देठाशी जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली.

त्याच सुमाराला आमच्या हेडमास्तरांनी परसबाग यज्ञ काढला. प्रत्येक शिक्षकाने घरामागे भाजीचे वाफे करावेत, आणि जिल्ह्याचे एक मोठे साहेब येऊन ते पाहतील. कोणती घरं दाखवायची त्या यादीत माझं नाव पहिलं होतं, कारण माझं घर शाळेपासून जवळ होतं. मला वाटलं, माझ्या अभ्यासूपणामुळे. हेडमास्तरांनी मला एक पुस्तिका दिली. मी ती दोन संध्याकाळी वाचली आणि तिसऱ्या संध्याकाळी अक्कांना शेतीबद्दल चार गोष्टी समजावून सांगितल्या.

अक्का तांदूळ निवडत ऐकत होत्या. "पुस्तकात पानी किती द्यायचं तेबी लिहिलेलं असतं?" त्यांनी विचारलं.

"हो, तेही आहे."

"आन् पाऊस आला तं?"

मी हसलो. त्यांना हे कळायचं नाही, असं ते हसणं होतं.

माझे वाफे बघण्यासारखे झाले होते, यात शंका नाही. दोरी लावून सरळ आखलेले, कडेला विटांचे तुकडे चुन्यात बुडवून मांडलेले. प्रत्येक वाफ्यात पुठ्ठ्याची पाटी: मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर. उगवलं काहीच नव्हतं. बी टाकून दोन दिवस झाले होते. ती कमतरता भरून काढायला शाळेतल्या झिनियाच्या चार कुंड्या बैलगाडीतून आणून ठेवल्या होत्या. या सगळ्या सौंदर्यात एकच डाग होता. लिंबाजवळचं ते वांग्याचं झाड.

साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. सकाळी शाळेला जायच्या आधी मी परसात उभा राहून साहेबांच्या डोळ्यांनी सगळं पाहिलं. चुन्याच्या विटा पाहिल्या, पाट्या पाहिल्या, आणि नजर झाडावर आली. रोगट झाड बागेत ठेवू नये, शेजारच्यांना रोग लागतो, असं पुस्तिकेत होतं. ते झाड लिंबाच्या अलीकडे की पलीकडे, यावर वाद घालता आला असता. पण मला जास्त खुपली ती चिंधी. दृष्ट लागू नये म्हणून मेलेल्या झाडालाही चिंधी बांधायची. या देशाचं कसं होणार, असं मी तेव्हा दिवसातून तीनचारदा मनात म्हणत असे. तेव्हाही म्हटलं. आणि अंधश्रद्धेचं उच्चाटन करतो आहोत अशा समाधानात मी ते झाड मुळासकट उपटलं. ते सहज निघालं. काढलेल्या गवताचा ढीग फाटकाजवळ होता, त्यावर टाकलं, हात धुतले आणि शाळेत गेलो.

गुलीबाई त्याच सकाळी कामाला आली. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी कुठेतरी तिचं गाव होतं. पाऊस सरला की तिकडची माणसं कापसाच्या कामाला खाली उतरत आणि रुळांच्या पलीकडे झोपड्या घालून राहत. कापूस वेचायला सुरुवात होईपर्यंत गुलीबाई आमच्या गल्लीतली परसं साफ करून देई. सहा घरं तिची ठरलेली होती. तीसबत्तीस वर्षांची, उंच, फार न बोलणारी. तिच्या हातात खुरपं असलं की ते मातीत घुसत नसे, मातीवरून वाहत असे. त्या दिवशी तिने अक्कांची बाजू स्वच्छ केली आणि गवताचा सगळा ढीग रस्त्यापलीकडे नेऊन टाकला. दुपारी तिथे गावच्या शेळ्या येत, संध्याकाळपर्यंत काही उरत नसे.

संध्याकाळी मी ओट्यावर चहा पीत होतो. अक्का तांब्या घेऊन परसात गेल्या आणि लिंबाजवळ थांबल्या. तांब्या हातातच राहिला.

"गुले," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "आठीचं वांगं कुठी गेलं?"

गुलीबाई फाटकाजवळ पाय धूत होती. "कोनतं वांगं?"

"चिंधीवालं. बियाचं वांगं होतं ते, माय. बियाले ठेवलं होतं. चिंधी बांधली होती नं मी. आता अजून काय पाटी लावू?"

पाट्या माझ्यासमोर होत्या. मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर.

तेव्हा मला चिंधीचा अर्थ कळला. खुडू नका, हे बियाचं आहे, एवढाच तो निरोप. आमच्या भागात शेतात राबणाऱ्या कुठल्याही पोरीलासुद्धा तो वाचता येतो. मी इंग्रजी, मराठी आणि थोडं संस्कृत वाचत होतो.

"मी नही उपाडं, अक्का," गुलीबाई म्हणाली.

"मंग कोनं उपटलं? तूच होती दिवसभर आठी. ढीग कोनं उचलला?"

"ढीग मी उचला."

"आन् त्यात वांगं नव्हतं?"

गुलीबाईने पाय धुणं थांबवलं. तिने वर पाहिलं. अक्कांकडे नाही, ओट्याकडे. मी चहाच्या कपात पाहिलं. चहा संपला होता, तरी मी कप तोंडाला लावला.

किती वेळ गेला असेल? एक माणूस सावकाश उठून चार पायऱ्या उतरेल आणि 'अक्का, मी उपटलं' एवढे तीन शब्द बोलेल, इतका. मला वाटलं, उद्या साहेब येणार आहेत, आज नको. मला वाटलं, बिऱ्हाड सोडायला लावतील, आणि जळगावात तेव्हा दोन खोल्या मिळवायला वर्ष जाई. ही कारणं मी पुढे शोधली. त्या क्षणी खरं कारण एकच होतं. अक्कांना मी शेती शिकवली होती, आणि मला त्यांच्यासमोर अडाणी ठरायचं नव्हतं.

"उद्यापासून येऊ नको," अक्का म्हणाल्या.

गुलीबाईने पदराला हात पुसले, खुरपं कमरेला खोचलं आणि गेली.

आत सुमती भाकऱ्या थापत होती. मी येताच म्हणाली, "सकाळी तुम्हीच ना ते..."

"हळू बोल."

"मी हळूच बोलते आहे. तुम्ही मोठ्याने बोला, बाहेर जाऊन."

"उद्याचं होऊन जाऊ दे. परवा सांगतो."

तव्यावर भाकरी करपली. ती उलटायचं सुमतीला भान राहिलं नव्हतं. तिने ती तशीच माझ्या ताटात वाढली.

साहेब आले. सोबत अकरा माणसं होती, त्यांतली दोन छत्री धरायला. साहेबांनी झिनियाच्या कुंड्या पाहिल्या आणि ही भाजी कोणती, असं विचारलं. हेडमास्तर म्हणाले, शोभेची. साहेबांनी मान हलवली. चुन्याच्या विटांचं कौतुक झालं, स्वच्छतेचं विशेष झालं. हार घातला तो अक्कांच्या झेंडूचा होता. चार मिनिटांत यज्ञाची सांगता झाली आणि मला पहिल्या क्रमांकाचं प्रशस्तिपत्रक मिळालं. पुढे घरं बदलताना ते कुठेतरी हरवलं. त्यासाठी मला काही करावं लागलं नाही, एरवी मीच केलं असतं.

परवा आला आणि गेला. तोपर्यंत अक्कांनी गल्लीत सांगितलं होतं आणि गुलीबाईची बाकीची पाच घरंही सुटली होती. अक्का दुष्ट नव्हत्या. आईने गाठीत दिलेली वस्तू गेली होती आणि दुःखाला कुणीतरी जबाबदार लागतो. मी एकदा तिला रुळांच्या बाजूला पाहिलं, डोक्यावर लाकडांची मोळी. हाक मारायला तोंड उघडलं आणि पुढे काय बोलायचं ते ठरेपर्यंत ती वळणापलीकडे गेली. मी भाषा शिकवत होतो.

पुढच्या वर्षी अक्कांनी बाजारातून बी आणलं. वांगी आली, लांबट, जांभळी, चकचकीत. थंडीत त्यांनी ती भाजली, भरीत केलं, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ताटली घेऊन स्वतः आल्या.

"खा मास्तर. वांगंच आहे तेबी," त्या म्हणाल्या.

मी खाल्लं. चांगलं झालं होतं. कांद्याची पात होती, शेंगदाणे होते, तेल सढळ होतं. अक्का दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या आणि मी मान खाली घालून शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. त्यांना वाटलं, मला आवडलं.

पापाचं एक बरं असतं, ते मोठं असलं तर माणूस निदान रडतो. हे पाप रडण्याएवढं मोठं नव्हतं. एक झाड, एक वांगं, एका बाईची सहा घरं. सभेत सांगितलं तर लोक हसतील. म्हणून ते कुठे मांडता येईना, आणि मांडता येत नाही ते माणूस बरोबर घेऊन फिरतो. कुणी 'स्वच्छ' म्हटलं की मला तो फाटकाजवळचा ढीग दिसायचा.

तीन वर्षांनी मला धुळ्याला नोकरी मिळाली. माझं मूळचं गाव, आनंदाची गोष्ट. सामान बांधून झालं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी अक्कांकडे गेलो. त्या परसात मेथीसाठी माती भुसभुशीत करत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. झाड, चिंधी, पुस्तिका, ओटा, सगळं. सांगताना मला हलकं वाटू लागलं, हेही लिहून ठेवतो.

अक्का मातीत हात तसेच ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "गुलीले सांगितलं?"

"नाही."

"मंग मले काबर सांगता?"

मी लिंबाकडे पाहिलं.

"वांग्याचं मी सोडून देते, मास्तर. तुम्हाले समजलं नाही, झालं. पन तिले हाकललं ते मी. गल्लीले सांगितलं ते मी. ते मले कोन सोडून देईन?" त्यांनी हात झटकले. "तुम्ही उद्या चालले धुळ्याले. मले आठीच राहनं आहे."

माझं ओझं कमी झालं होतं, कारण अर्धं मी त्यांच्या डोक्यावर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या हातावर दही घालून निरोप दिला, सुमतीची ओटी भरली, आणि माझ्याशी नीट बोलल्या. फक्त नेहमीसारखं 'येत जा' म्हणाल्या नाहीत. पुढे कुणाकडून तरी कळलं की त्या हिवाळ्यात अक्का रुळांपलीकडच्या झोपड्यांमध्ये दोनदा जाऊन आल्या. तिथली माणसं बदलली होती. गुली म्हटल्यावर कुणी विचारलं, कोणती गुली? कोणत्या गावची? अक्कांना गाव सांगता आलं नाही. मलाही आलं नसतं. तिच्या हातून तीन मोसम परस साफ करून घेतलं, पण तिचं गाव आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या साली एका नातेवाइकाच्या कामासाठी दोंडाईच्याला जाणं झालं. गाडीला अवकाश होता म्हणून स्टेशनाकडून पायी फिरत गेलो. मिरचीचे दिवस होते. मोकळ्या मैदानांत लाल मिरचीचे गालिचे पसरलेले, हवेत असा खकाणा की नुसतं चाललं तरी डोळ्यांतून पाणी यावं. तोंडाला फडकी बांधून बायका रांगेने देठ खुडत बसल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. हात खुडत नव्हता, नुसता मिरच्यांवरून वाहत होता.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. "गुलीबाई?"

तिने फडकं खाली केलं. केस पांढरे झाले होते. थोडा वेळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "जळगाववाला मास्तर."

मी तिच्यासमोर बसलो. शेजारच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. एक म्हणाली, "बाई वं, गुलीना सोयरा उना, पायजमावाला." गुलीला भेटायला कुणी सोयरा आला, यावर त्या हसल्या. हसणं थांबल्यावर मी सांगितलं. या वेळी सगळं नाही सांगितलं. पुस्तिका, साहेब, बिऱ्हाड, यांतलं काही नाही. "ते वांगं मी उपटलं होतं," एवढंच.

तिचे हात थांबले नाहीत. "मी फाटकना बाहेर व्हतू. देखं मी."

म्हणजे तिला तेव्हाच ठाऊक होतं. पाय धुताना, अक्का विचारत असताना, खुरपं खोचताना, सगळा वेळ.

"मग तू बोलली का नाहीस?" मी विचारलं. आवाजात किंचित तक्रार होती. ती मलाच ऐकू आली आणि लाज वाटली.

गुलीबाईने देठ बाजूला टाकले, मिरच्यांची पुढची ओंजळ ओढून घेतली, आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, "तुम्ही तठेच व्हतात ना. माले वाटनं, तुम्ही सांगशात."